हॅलोरन पदकाचा दुसरा मानकरी

बर्नी लिंडनरला पदक मिळणार ही बातमी कानावर पडली तेव्हा डग पॅस्कोच्या तोंडात सॉसेजचा तुकडा होता. पुढे कितीतरी वेळ तो तुकडा खालीही जाईना आणि बाहेरही येईना.

गुरुवारची संध्याकाळ होती. गुरुवारी पोरांचा सराव संपला की निम्मं यारूक गाव क्लबाच्या हॉलमध्येच जेवतं. लीगची सेक्रेटरी शोना डफी खुर्चीवर चढली, चमच्याने ग्लास वाजवला आणि म्हणाली, "मंडळी, जरा इकडे लक्ष द्या. बर्नी, तुम्ही तर द्याच."

आता हॅलोरन पदक म्हणजे काय, हे आमच्या डूलन खोऱ्यात तान्ह्या पोरालाही सांगावं लागत नाही. पण बाहेरच्यांसाठी सांगते. फुटबॉलचा प्रत्येक सामना संपला की पंच तीन खेळाडूंना गुपचूप मतं देतात. पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. मतांची पाकिटं तिथल्या तिथे बंद होतात आणि हंगाम संपल्यावर मेजवानीच्या दिवशी सगळ्यांसमोर फोडली जातात. ज्याची मतं जास्त त्याला पदक. त्यावर कोरलेलं असतं 'सर्वांत सरस आणि सर्वांत सज्जन'. दोघांची मतं सारखी झाली तर जुना नियम असा होता, की ज्याला तीनची मतं जास्त वेळा पडली तो जिंकला. दुसऱ्याने टाळ्या वाजवायच्या आणि घरी जायचं.

चाळीस वर्षांपूर्वी डग जिंकला होता आणि बर्नीने टाळ्या वाजवल्या होत्या. दोघंही यारूकचेच खेळाडू, दोघांची मतं सारखी; पण डगकडे तीनची मतं एकदा जास्त. तेव्हापासून जगाची घडी डगच्या दृष्टीने नीट बसलेली होती.

"समितीने ठरवलंय," शोना म्हणाली, "की मतं सारखी असूनही जे नुसत्या नियमापायी हरले, त्या सगळ्यांना यंदा पदक द्यायचं. शहरातल्या मोठ्या लीगने हे केव्हाच केलंय, आपणच झोपलो होतो. आपल्या गावातले असे एकच आहेत, आपले बर्नी लिंडनर!"

हॉल दणाणला. डगनेही टाळ्या वाजवल्या. उलट सगळ्यांपेक्षा जास्तच वाजवल्या, कारण लोक त्याच्याचकडे बघत होते.

"अगं, आता कशाला ते," बर्नी लाजून म्हणाला. "माझ्या गळ्यात काही घातलं की खाज सुटते."

"आणि डग," शोना म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी पदकाच्या इतिहासावर चार शब्द बोला ना. तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे? आणि बर्नींच्या गळ्यात पदकही तुम्हीच घाला. किती छान दिसेल!"

"छानच," डग म्हणाला. तेव्हा कुठे तो सॉसेजचा तुकडा खाली गेला, आणि तोही चुकीच्या नळीने.

घरी आल्यावर त्याने दिवाणखान्यातलं काचेचं कपाट उघडलं. तिथे चांगल्या कपबशांच्या वर, निळ्या मखमलीवर, ते पदक असे. देव्हाऱ्यातली उपकरणी घासावीत तसं डग ते दर शनिवारी घासत असे. डबीतली पॉलिश, मऊ फडकं, आणि वर दोनदा फुंकर.

"तुझं काय जातंय पण?" आयलीन म्हणाली. डगची बायको बोलताना हातातलं विणकाम कधी थांबवत नसे. "तुझं वितळवून त्याचं थोडंच करणार आहेत?"

"प्रश्न माझा नाही, आयलीन. प्रश्न इतिहासाचा आहे."

"बरं," आयलीन म्हणाली आणि सुई फिरवली.

खरं सांगायचं तर प्रश्न इतिहासाचा नव्हता, कुंपणाचा होता. बर्नी पलीकडच्याच घरात राहायचा. दोघांची लिंबाची झाडं एकाच माणसाकडून, एकाच दिवशी आणलेली. बर्नीची लिंबं मुठीएवढी, डगची सुपारीएवढी. बायको गेल्यावर बर्नी स्वयंपाक शिकला, आणि पहिल्याच वर्षी गावच्या जत्रेत त्याच्या स्पंज केकला निळी फीत मिळाली. आयलीन तीस वर्षं केक नेत होती. आणि पाऊस! या गव्हाच्या मुलखात प्रत्येकाच्या कुंपणावर पाऊस मोजायची काचेची नळी असते, आणि सकाळी उठून माणसं आधी ती बघतात, मग आरसा. एकाच ढगातून, एकाच वेळी, एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना पडणारा पाऊस, आणि बर्नीच्या नळीत दरवेळी एखादा मिलिमीटर जास्त! हे देवाने का करावं, याचं उत्तर डगला रविवारच्या प्रार्थनेतही मिळालेलं नव्हतं. एकच गोष्ट अशी होती जी डगकडे होती आणि बर्नीकडे नव्हती. तीही आता त्याच्या गळ्यात जाणार, आणि घालायची कोणी? डगने.

अंथरुणावर पडल्या पडल्या डगला 'सर्वांत सज्जन' हे शब्द आठवले, आणि तो उठून बसला.

नियम असा होता, की ज्याला त्या हंगामात मारामारीबद्दल एका सामन्याचीही बंदी झाली, तो पदकाला मुकला, मग मतं कितीही असोत. आणि त्या वर्षी खोऱ्यातल्याच वीराबुल गावाच्या मैदानावर बर्नीने कोणालातरी ठोसा मारल्याचं डगला अंधुक आठवत होतं. अंधुकच, कारण त्या सामन्यात त्याच्या स्वतःच्या डोक्याला मार बसला होता, आणि मधला बराच भाग त्याला आठवायचा नाही. अर्थात त्या सामन्याची तीन मतं त्यालाच पडली होती. त्यामुळे न आठवणारा भाग त्याने नंतर तर्काने भरून काढला होता आणि क्लबात वर्षानुवर्षं सांगितला होता. चिखल, पाऊस, फुटलेलं डोकं आणि उत्तरार्धात एकट्या डग पॅस्कोने फिरवलेला सामना. दरवर्षी या कथेत एखादा गोल वाढत गेला होता. जुने खेळाडू ही कथा छताकडे बघत ऐकत असत. डगला वाटे, ती भारावण्याची रीत आहे.

त्या रविवारी चर्चमध्ये डगने डोळे मिटून देवाकडे मागणं मागितलं. बर्नीचं वाईट व्हावं असं त्याने मुळीच म्हटलं नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याने फक्त एक छोटीशी बंदी मागितली, तीही जुन्या तारखेची.

सोमवारपासून 'इतिहासाचं संशोधन' सुरू झालं. खाटकाच्या दुकानात कोणीतरी म्हणालं, जुने निकाल लीगच्या कचेरीत मिळतील. लीगची कचेरी म्हणजे खताच्या गोदामातलं मागचं टेबल. ते फक्त मंगळवारी उघडतं, आणि त्या मंगळवारी शोना मेंढ्यांच्या बाजाराला गेलेली. पुढच्या मंगळवारी ती म्हणाली, मारामारीच्या तक्रारी ऐकणाऱ्या लवादाची कागदपत्रं आता नगर परिषदेकडे. नगर परिषदेतल्या पोरीने एक अर्ज दिला. अर्जात 'जनावराचा परवाना क्रमांक' असा रकाना होता. तो कुत्र्यांच्या नोंदणीचा अर्ज निघाला, पण तिच्याकडे दुसरा नव्हता. डगने तोही भरला. मग कळलं, की कागदपत्रं इतिहास मंडळाच्या कपाटात आहेत. कपाटाची किल्ली मिसेस ओट्सकडे, आणि मिसेस ओट्स थंडी चुकवायला कॅरव्हॅनचं फिरतं घर घेऊन उबदार उत्तरेला. तिला फोन लावला तेव्हा ती समुद्रकिनाऱ्यावर होती. किल्ली पायपुसण्याखाली आहे, असं तिने लाटांच्या आवाजात ओरडून सांगितलं.

कपाट उघडलं. आत उंदरांनी घरटं केलेलं होतं. उंदरांचा सुळसुळाट झाला त्या वर्षी सगळ्या खोऱ्यात जे झालं तेच इथेही झालं होतं. लीगच्या लवादाचे सगळे निकाल बारीक, मऊ, उबदार कापूस होऊन पडले होते.

"एवढं कशाला शोधताय?" केस कापणाऱ्या रोंडाने विचारलं. डगच्या डोक्यावर कापण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. तो गप्पांसाठी जाई आणि पैसे केसांचे देई. "पदकाचा इतिहास माझ्याकडून घ्या. क्लबाच्या भिंतीवरचे फोटो बघितलेत कधी? सगळे विजेते लालकेशी, नाहीतर सोनेरी. पंचाला लांबून तेच दिसतं. तुमचं डोकं तेव्हा गाजरासारखं होतं, म्हणून तुम्हाला मतं. बिचाऱ्या बर्नीचे केस मातीच्या रंगाचे, ते मैदानातच हरवून जायचे."

"माझा खेळ बघितला होतास का तू?"

"माझा जन्म व्हायचा होता तेव्हा."

"मग कात्री चालव," डग म्हणाला. हे मात्र त्याच्या जिव्हारी लागलं. माणसाने घाम गाळून मिळवलेल्या मानाचं श्रेय त्याच्या केसांना द्यायचं, आणि तेही केस राहिले नसताना!

पण रोंडाने जाता जाता एक कामाची गोष्ट सांगितली. त्या सामन्याचे पंच सेसिल ब्रॅम्वेल अजून हयात होते, वीराबुलच्या वृद्धाश्रमात. आणि ज्याने बर्नीचा ठोसा खाल्ला होता, तो वीराबुलचा बचावपटू नॉर्म क्विग्लीही तिथेच समोरच्या खोलीत. क्विग्लीला सगळं खोरं 'हातोडा' म्हणे. दोघं रोज पत्ते खेळतात, म्हणे.

अडचण एवढीच, की डगच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरने गाडीला हात लावायची मनाई केली होती. आयलीन हमरस्त्यावर गाडी नेत नसे. तो फाटकापाशी उभा राहून विचार करत होता, तोच कुंपणावरून बर्नीचं डोकं वर आलं.

"वीराबुलला जायचंय म्हणे तुला? रोंडा सांगत होती. चल की, मी नेतो. हातोड्याला भेटून युगं झाली."

"नको, तुला उगाच त्रास."

"कसला त्रास? माझ्याच पदकासाठी एवढा राबतोयस तू, मला कळत नाही का?" बर्नीचे डोळे चक्क ओलावले होते. "खरं सांगू, दुसरा कोणी असता ना डग, तर त्याला हेवा वाटला असता."

डगने बर्नीच्या कुत्र्याकडे बघितलं. कुत्र्याने दुसरीकडे.

तर अशा रीतीने बर्नी लिंडनरचं पदक बुडवायला डग पॅस्को बर्नी लिंडनरच्याच पिकअपमधून निघाला. मागे बर्नीचा कुत्रा बिस्किट, पुढे दोघांच्या मधे थर्मास आणि डब्यात स्पंज केक. वाटेत बर्नीने गाडी झाडाखाली थांबवली, चहा ओतला आणि केकचा मोठा तुकडा डगला दिला. डगने ठरवलं होतं की खायचा नाही. मग ठरवलं की एकच घास. मग दुसरा तुकडा घेताना त्याला वाटलं, परीक्षकांनी निळी फीत दिली त्यात अन्याय असा काही नव्हता. आणि या विचाराने त्याचा जास्तच तिळपापड झाला.

वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात दोन म्हातारे ब्लँकेट पांघरून पत्ते खेळत होते. त्यातल्या दांडग्याने मान वर केली आणि पत्ते फेकून दिले.

"लिंडनर! माझ्या दातांचा मारेकरी!"

"हातोड्या!" बर्नी म्हणाला, आणि दोघांनी एकमेकांना अशी मिठी मारली की पंचांचा चहा सांडला.

डगच्या काळजात दिवाळीचा दिवा लागला. "म्हणजे यानेच तुला मारलं होतं?" त्याने वहीबिही न काढता, सहज इतिहासासाठी म्हणून विचारलं.

"मारलं म्हणजे? हे बघ!" हातोड्याने ओठ वर करून समोरची खिंड दाखवली. "दोन्ही याचेच. काय ठोसा होता! आजकालच्या पोरांत कुठे आहे तसं?"

"मग पंचांनी तक्रार नोंदवली असेल ना?"

"मी नोंदवली," सेसिल ब्रॅम्वेल थरथरत्या आवाजात म्हणाले. "माझ्या नाकासमोर झालं होतं."

"मग बंदी झालीच असणार!" डगचा आवाज जरा चढलाच. "किती सामने?"

"कसली बंदी?" हातोडा म्हणाला. "मंगळवारी लवादापुढे उभं केलं आम्हाला. दात माझ्या खिशात, तोंडावर रुमाल. साहेबांनी विचारलं, क्विग्ली, तुला कोणी मारलं? मी म्हटलं, कल्पना नाही साहेब, माझं लक्ष चेंडूवर होतं."

"पण दात!"

"तेही हेच म्हणाले. मी म्हटलं, खांबाला आपटलो असेन साहेब, माझं लक्ष चेंडूवर होतं. सोडून दिलं याला."

डगला हे आधीच सुचायला हवं होतं. या खोऱ्यात मैदानावर एकमेकांचे कान उपटतील, पण लवादापुढे कोणी कोणाचं नाव घेत नाही. आजपर्यंत जेवढी नाकं फुटली ती सगळी आपोआप फुटली आहेत, आणि फुटताना प्रत्येकाचं लक्ष चेंडूवर होतं. हे सगळे सोवळ्यासारखं पाळतात.

"पण मारलं कशाला याने तुला?" डगने निराश होऊन विचारलं. खरं तर इथेच उठून त्याने घरी जायला हवं होतं.

"कशाला? तुझ्यापायी!" हातोडा म्हणाला. "मी तुला आडवा केला होता ना, चेंडू पार तिकडे असताना! तुझं ते गाजरासारखं डोकं बघितलं की माझा हात शिवशिवायचा. तुला झोळीत घालून नेला, आणि हा आला धावत."

बर्नी केक कापण्यात गढून गेला होता.

"बरोबर," डग म्हणाला. इथपर्यंत त्याच्या कथेशी जुळत होतं. "आणि मग उत्तरार्धात मी डोक्याला फडकं बांधून परत आलो, आणि..."

"परत?" हातोडा हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, नर्स धावत आली. "परत कुठला येतोस! सगळा उत्तरार्ध तू कपडे बदलायच्या खोलीत पडून आईला हाका मारत होतास. आमच्या बाकापर्यंत ऐकू येत होतं!"

"अशक्य," डग म्हणाला. "पंचांनी मला तीन मतं दिलीत त्या सामन्याची."

"दिली ना," सेसिल ब्रॅम्वेल म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "अजून दिसतंय मला. चिखलात सगळे म्हशीसारखे. अंगावरचे आकडे दिसेनात, कपड्यांचे रंग दिसेनात. पण ते लाल डोकं! जिकडे चेंडू तिकडे लाल डोकं. मी लिहिलं, लाल डोकं, पॅस्को, तीन."

बिस्किटने व्हरांड्याखालून एकदा भुंकून घेतलं.

"बर्नी," डगने विचारलं, "माझ्या जागी राखीव कोण उतरला होता?"

बर्नीने सुरी पुसली. पुन्हा पुसली.

"कॉलिन," तो म्हणाला.

कॉलिन म्हणजे आयलीनचा धाकटा भाऊ. आता टास्मानियात मेंढ्या पाळतो, नाताळला कार्ड पाठवतो. त्याच्या लग्नात त्याच्या लालभडक डोक्याकडे बघून पाद्रीबाबा म्हणाले होते, चर्चमध्ये मेणबत्ती लावायची गरजच नाही.

परतीच्या वाटेवर गव्हाची शेतं दोन्ही बाजूंनी सरकत होती आणि डग मनातल्या मनात गणित मांडत होता. ती तीन मतं काढली, तर सारखी मतं नाहीत. सारखी नाहीत तर नियमाचा प्रश्न नाही. म्हणजे बर्नी दुसरा मानकरी नव्हेच, तो एकटा मानकरी. आणि मग काचेच्या कपाटात, मखमलीवर, दर शनिवारी...

"तुला ठाऊक होतं," तो म्हणाला.

बर्नीने काच पुसायचा दांडा उगाचच चालू केला. बाहेर ऊन होतं.

"सगळ्यांना ठाऊक होतं. ते छताकडे बघायचे ते म्हणून. चाळीस वर्षं! एका शब्दाने बोलला नाहीस?"

"डग," बर्नी म्हणाला, "माझं लक्ष चेंडूवर होतं."

यापुढे तो विषय नाही. त्याने गाणं गुणगुणायला सुरुवात केली, आणि तेही सुरात.

घरी आयलीनला विचारलं. ती सुई न थांबवता म्हणाली, "तुला पदक मिळालं त्याच रात्री कॉलिनने सांगितलं होतं मला. तुला सांगायला आले, तर तू पदक उशाखाली घेऊन झोपला होतास. म्हटलं, राहू दे."

आता डगला लाज वाटली असेल, पश्चात्ताप झाला असेल, असं तुम्हाला वाटेल. थोडंफार झालंही. पण त्या रात्रभर त्याला जे कुरतडत होतं ते तेच जुनं, कुंपणापलीकडचं होतं. लिंबं त्याची मोठी. केक त्याचा हलका. पाऊस त्याच्याकडे जास्त. आणि आता मनही त्याचंच मोठं निघावं? या माणसाने जिंकलेलं पदक चाळीस वर्षं शेजारच्या घरात घासलं जाताना बघितलं, आणि वर टाळ्या वाजवल्या! उद्या डग गप्प बसला, तर कोणी काही बोलणार नाही. पदक मखमलीवरच राहील. पण बर्नी लिंडनर मोठेपणात जो पुढे निघून गेला तो कायमचाच. हे डगला सोसणं शक्य नव्हतं. लिंबाचं एक वेळ ठीक आहे.

मेजवानीच्या संध्याकाळी हॉल फुग्यांनी सजवला होता. भाजलेलं कोकरू, पुदिन्याची चटणी, वर क्रीमचा डोंगर असलेला पाव्हलोवा केक. हातोडा क्विग्लीला वृद्धाश्रमाच्या गाडीतून खास आणलं होतं. शोनाने डगच्या हातात नवं कोरं पदक दिलं, चकचकीत, निळ्या करकरीत फितीचं. डगचं स्वतःचं पदक त्याच्या कोटाच्या खिशात होतं. समारंभाला म्हणून आणलंय, असं त्याने आयलीनला सांगितलं होतं, आणि ती 'बरं' म्हणाली होती.

भाषण त्याने पाठ केलं होतं. पहिला विजेता, पदकाला नाव दिलेले हॅलोरनबाबा, युद्धाच्या वर्षांत बंद पडलेली लीग. पण वीराबुलचा चिखल आला तसा तो थांबला. जुन्या खेळाडूंच्या टेबलावरची सगळी डोकी सवयीने छताकडे वळली.

"पदकाचा इतिहास म्हणजे," डग म्हणाला, "पंचांना जे दिसलं त्याचा इतिहास. पंच भले माणूस. पण चिखल फार होता." तो घोटभर पाणी प्याला. "बर्नी, इकडे ये."

बर्नी आला, मान खाली करून उभा राहिला. डगने एक हात कोटाच्या खिशात घातला. त्याचं ऑपरेशन झालेल्या डोळ्याला पाणी आलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, येईल. मग त्याने बर्नीच्या गळ्यात पदक घातलं. जुनं. फीत फिकटलेली, आणि दर शनिवारच्या घासण्याने 'सज्जन' हा शब्द जवळजवळ पुसलेला. नवं त्याच्या मुठीतच राहिलं.

छताकडे बघणारी डोकी एकेक करून खाली आली.

बर्नीने गळ्यातलं पदक हातात घेतलं, अंगठ्याने चाचपलं. डगकडे बघितलं. मग फितीखाली मान खाजवली, गरजेपेक्षा जरा जास्तच.

"डग, थांबा थांबा!" शोना पुढे झाली. "अदलाबदल झाली का काही? बर्नींना नवं द्यायचं होतं. बर्नी, यांनी तुम्हाला कुठलं घातलंय?"

बर्नी ताठ उभा राहिला, लवादापुढे राहावं तसा.

"सांगता यायचं नाही गं," तो म्हणाला. "माझं लक्ष चेंडूवर होतं."

हातोडा क्विग्लीने टेबलावर असा हात आपटला की तीन ग्लास पडले. बाकीच्या कोणाला नक्की काय झालं ते कळलं नाही, पण टाळ्या अशा पडल्या की फुगे फुटले. डग खुर्चीवर येऊन बसला. आयलीनने विणकाम मांडीवर ठेवलं, त्याच्या ताटात तिचा अर्धा पाव्हलोवा सरकवला आणि पुन्हा विणायला घेतलं. डगला वाटलं, आज पहिल्यांदा आपण त्या माणसाच्या पुढे गेलो. निदान बरोबरीला आलो. त्या रात्री त्याला अशी झोप लागली की पाऊस पडून गेल्याचंही कळलं नाही.

पुढच्या शनिवारी नवं पदक घासायला घेतलं तर घासण्यासारखं काही नव्हतं. डग थोडा वेळ फडकं हातात घेऊन बसला. मग पॉलिशची डबी खिशात घालून कुंपणाच्या फाटकातून पलीकडे गेला. पहाटे पुन्हा एक सर येऊन गेली होती. स्वतःची नळी त्याने उठल्या उठल्या बघितली होती. जाता जाता, कोणी बघत नाहीसं पाहून, त्याने बर्नीचीही बघितली. दोन मिलिमीटर जास्त.

आत स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला ते जुनं पदक लटकत होतं, बिस्किटच्या पट्ट्याशेजारी. खिळ्याला! डग पदक उतरवून टेबलाशी बसला आणि घासायला लागला. बर्नीने चहा ठेवला, केक कापला.

"पहाटे बरा झाला पाऊस," डग म्हणाला. "तुझ्या नळीत किती?"

बर्नीने खिडकीतून कुंपणाकडे बघितलं. मग डगकडे. मग कपात साखर घालायला लागला.

"बघितलंच नाही रे," तो म्हणाला. "तुझ्याइतकाच असेल."

डगने केकचा घास तोंडात घातला आणि चावता चावता त्याचे कान लाल झाले. चार दिवस! पुरते चार दिवससुद्धा हा माणूस त्याला बरोबरीला राहू देत नव्हता.